रेवाईचा दगड

१

रेवाईच्या दर्शनाला गेलं की परतताना शिळेवर एक दगड ठेवून यायचं. मुठीत मावेल एवढा. का ठेवायचा, ते विचारायचं नाही.

सहा वर्षांची असताना मी विचारलं होतं. तुळजाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिनं आधी माझ्या पाठीत धपाटा घातला, मग मुठीत दगड कोंबला. "ठिवायचा म्हंजे ठिवायचा. लई शानी झाली!" मी ठेवला. पुढं कॉलेजात गेले, फिजिक्स घेतलं, आणि विचारणंच सोडून दिलं. या लोकांना उत्तर माहीत नाही, अशी माझी समजूत झाली होती. ती चूक माझी. उत्तर त्यांना माहीत होतं.

आमचं गाव हसनाबादपासून पाच किलोमीटरवर. गावात पाहण्यासारखं एकच ठिकाण, रेवाईची समाधी. रेवाई सातशे वर्षांपूर्वीची, अभंग रचणारी बाई. ती पेवात उतरली आणि तिनं समाधी घेतली, असं सगळे सांगतात. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी खोलीएवढं रुंद. रेवाई हसत आत उतरली आणि तिनं वरची शिळा ओढून घेतली, ही आमच्याकडची गोष्ट.

चार माणसांना न हलणारी शिळा आत उतरलेल्या बाईनं वर ओढून कशी घेतली, हे मात्र कुणी विचारत नसे.

माझ्या लहानपणी ती शिळा दिसायचीच नाही. तिच्यावर कमरेएवढा दगडांचा ढीग होता.

२

मागच्या दसऱ्याला टीव्हीवर 'जगन्माता रेवाई' ही मालिका सुरू झाली. रोज संध्याकाळी सात वाजता. मुंबईच्या लोकांनी बनवलेली. तिच्यातली रेवाई जात्यावर बसली तरी कपाळावर घाम नसे, सासूनं चटका दिला तरी हसे, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी वाऱ्यावर पदर उडवत दूर बघे. तिचं तोंड बघून मला चीड यायची. इतकं सोसणारी बाई एकदाही ओरडत कशी नाही?

गावाला मात्र वेड लागलं. सर्जेरावकाका, माझे मोठे काका, देवस्थान समितीचे अध्यक्ष. त्यांनी ठरवलं की आता लांबून गाड्या येणार, तेव्हा समाधी शोभली पाहिजे. दगडांचा ढीग दोन ट्रॉल्या भरून नाल्याच्या बांधावर नेऊन टाकला. एका सकाळी जुनी शिळा काढली आणि त्याच दुपारी तिथं पांढराशुभ्र संगमरवर बसवला. भोवती स्टीलचं रेलिंग. शेजारी पाटी: 'संगमरवरावर दगड ठेवू नयेत. चरे पडतात.'

मी तेव्हा एम.एस्सी.साठी जालन्यात राहत होते. फोनवर काकांना विचारलं, "शिळा काढली तेव्हा आत काय दिसलं?"

"काय दिसणार? अंधार."

"बॅटरी मारून पाह्यलं न्हाई?"

"तू अभ्यास कर," म्हणाले आणि फोन ठेवला.

जुनी शिळा टाकून कशी द्यायची, म्हणून ती चार पावलांवरच्या दुसऱ्या, रिकाम्या पेवावर झाकण म्हणून ठेवली. आत्यानं ही सगळी सुधारणा लांबून पाहिली. मग घरी येऊन टीव्हीपुढं पाट मांडला, आणि त्या दिवसापासून मालिका संपली की घरातल्या प्रत्येकानं त्या पाटावर एक दगड ठेवायचा, असा नियम केला. दिवाळीपर्यंत आमच्या गल्लीत प्रत्येक टीव्हीपुढं पाट होता. आई फोनवर हसत सांगायची, "तुझ्या आत्यानं रेवाई घरातच आनली बघ."

३

फेब्रुवारीत अभ्यासाच्या सुट्टीवर मी घरी आले. वडील अंकुशनगरला साखर कारखान्यावर, गाळप चालू म्हणून त्यांना रजा नाही. घरात आई, आत्या, माझी धाकटी बहीण साक्षी आणि मी. सात वाजता काका-काकू यायचे. टीव्हीला हार, पडद्याच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट. पाटावर गोल दगडांची दाटी.

पहिल्याच संध्याकाळी जाहिराती लागल्या आणि मी रिमोट उचलून आवाज बंद केला. वॉशिंग पावडरची बाई गप्प झाली. खोलीत शांतता पसरली.

आणि त्या शांततेत ठोका आला. एक, दोन, तीन. थोडा वेळ काही नाही. पुन्हा तीन.

लाकडावर नव्हे. दगडावर, खालून, हाताच्या तळव्यानं मारावा तसा.

आत्यानं माझ्या हातातला रिमोट जवळजवळ हिसकावला. "जाहिरातीत आवाज बंद करायचा न्हाई. चालू असू दे."

"कशाचा आवाज होता तो?"

"कशाचा न्हाई. उंदरं झालेत."

मी सगळ्यांकडं पाहिलं. आई पदराशी चाळा करत होती. काका मोठ्या उत्सुकतेनं सिमेंटची जाहिरात बघत होते. या घरात जाहिरातीचा आवाज कुणी कधीच बंद करत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

सकाळी पाहिलं तर पाटावरचे दोन दगड खाली पडलेले. मी म्हटलं, रस्त्यावरून ट्रक जातात, घर हादरतं, दगड सरकतात. मग तपासूनच टाकू. त्या रात्री सगळे झोपायला गेल्यावर प्रत्येक दगडाभोवती खडूनं रेघ ओढली आणि शेजारच्या कोनाड्यात काठोकाठ पाणी भरलेला पेला ठेवला. घर हादरलं तर पाणी सांडेल.

सकाळी पेल्यातलं पाणी तसंच काठोकाठ होतं. दगड मात्र एकही रेघेच्या आत नव्हता.

"आई, या खोलीखाली काय आहे?"

आई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. "पेव होतं. तुझ्या आजोबानी बुजवलं. गावात सगळ्यांच्या घराखाली हायेत, आतून एकमेकांला लागलेली, म्हनतेत."

"बुजवलं म्हणजे पूर्ण भरलं का?"

"मला काय ठाऊक, बाई! मी लगीन होऊन आले तव्हा फरशी बसली होती." तव्यावरची भाकरी करपली तरी ती थापतच राहिली.

४

मालिकेचा शेवट जवळ आला होता. रविवारी दुपारी बारा वाजता दोन तासांचा खास भाग, त्यात रेवाईची समाधी. काकांनी समाधीपुढं मोठा मंडप आणि एलईडी पडदा ठरवला. सोबत सजीव देखावा: पडद्यावर रेवाई पेवात उतरेल, तेव्हाच इकडं गावची एक मुलगी रेवाईच्या वेशात त्या रिकाम्या पेवात उतरणार, वर जुनी शिळा सरकवणार, मुलगी आतून अभंग म्हणणार आणि सगळं गाव शिळेवर एकेक दगड ठेवणार.

ती मुलगी म्हणजे साक्षी. अकरावीत शिकणारी, गोड गळ्याची माझी बहीण.

"पाच मिन्टाचा प्रश्न आहे," काका म्हणाले.

"पेवात हवा नसते, काका. जुन्या विहिरीत, टाकीत उतरून माणसं मरतात, पेपरात येतं ना दर वर्षी?"

"पाइप टाकून राह्यलो ना. आन शिळेला चार बोटं फट ठिवनारे. आमाला अक्कल न्हाई का?"

"मग दगड कशाला ठेवायचे वरून?"

काकांनी आत्याकडं पाहिलं. "रीत हाये."

"मग साक्षी कशाला? तुमच्या पोराला, हरिओमला उतरू द्या ना."

"रेवाई काय मिशावाली होती का?" काकू म्हणाल्या आणि सगळे हसले. साक्षीही हसली. मला तिचाच राग आला.

रात्री गादीवर ती म्हणाली, "ताई, तू कायम असंच करती. मला एकदा तरी काही करू दे की. नऊवारी आणलीय, जालन्याहून मेकअपवाली येणारे."

मी वडिलांना फोन लावला. मागं कारखान्याचा घरघराट. "दादा म्हनतात तसं करा," ते म्हणाले. "दादांनी इचार केला असंल."

या घरात विचार नेहमी दुसऱ्या कुणीतरी केलेला असतो.

५

बुधवारी तालीम झाली. मंडप आणि साउंड दोन्ही गयासोद्दीनचाचांचं. गावातल्या प्रत्येक लग्नात आणि उरुसात त्यांचेच भोंगे असतात. शिळा हलवायला त्यांनी तीन वाशांच्या तिकाटण्याला साखळीची पुली टांगली होती. शिळा वर उचलली, शिडी लावली, साक्षी उतरली. तिच्या गळ्याशी छोटा माइक होता. शिळा खाली आली, चार बोटं फट ठेवून.

मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. काहीतरी पुरावा जवळ असावा, एवढाच विचार.

अभंग सुरू झाला.

*वाट मिटली उघडी वाट,*
*मीच दिवा अन् मीच वात...*

सुरेख. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी हात जोडले. पूर्ण अभंग झाला, शिळा उचलली, साक्षी शिडीवरून वर आली. चेहरा पांढरा.

"सॉरी, काका," ती म्हणाली. "मला म्हणताच आलं न्हाई. दुसऱ्या ओळीला घसा कोरडा पडला, मी थांबले. रविवारी बराबर म्हणीन."

काकूंचे जोडलेले हात खाली आले. मग काका मोठ्यानं हसले. "मस्करी करून राह्यली पोरगी! काय गोड म्हनलं."

"न्हाई ओ. मी नुस्ती बसले होते. लई गार आहे आत. आन जागा लई मोठी आहे, हात लांब केला तरी भिंत लागत न्हाई."

मी गयासोद्दीनचाचांकडं गेले. "चाचा, तुम्ही मालिकेतला ट्रॅक लावला होता ना?"

"ट्रॅक? न्हाई बेटी. काका बोले, पोरगी खुद गाणार, तर मी काय लावलंच न्हाई." ते मशीनच्या बटणांकडं बघत राहिले. "एक बोलू? पोरगीचा माइक दुसऱ्या लाइनीला बंद पडल्यासारखा झाला. काटा हलतच नव्हता. मंग आवाज भोंग्यातून न्हाई येत होता. मला वाटलं, खालून डायरेक्ट येतोय, पोरगी जोरात गात असंल."

घरी येऊन मी कानात वायर घालून रेकॉर्डिंग ऐकलं. चाळिसाव्या सेकंदाला साक्षीचा खोकला. तिचा आवाज तुटतो. तिथंच, त्याच सुरावर, अभंग पुढं सुरू राहतो. आवाज तिच्यासारखाच, पण तिचा नाही.

मी तो भाग दहा वेळा ऐकला. साक्षी गाते तेव्हा ओळ संपली की श्वास घेते, सगळेच घेतात. त्या चाळिसाव्या सेकंदानंतर साडेतीन मिनिटं कुठंही श्वास नव्हता.

भिंतींवर आवाज परावर्तित होतो, बंद जागेत घुमतो, घुमण्यात श्वास लपतो. असं मी स्वतःला सांगितलं. ते लिहूनही काढलं. लिहिलेलं वाचताना मला स्वतःलाच पटेना.

६

गुरुवारी दुपारी मी एकटी समाधीकडं गेले. मंडपाचं कापड उन्हात फडफडत होतं. शिळा पुलीला टांगलेली, जमिनीपासून छातीएवढी वर. शिळेची वरची बाजू सगळ्यांनी पाहिली आहे. खालची कुणी पाहिली असेल?

मी वाकून फोनचा उजेड मारला.

काळा, खडबडीत दगड. आणि मधोमध एक खळगा. तळहाताएवढा. आपल्या घरांचे उंबरे पावलांनी झिजतात तसा गुळगुळीत झिजलेला. छिन्नीचा घाव कुठंही नव्हता. मी हात वर नेला आणि तळवा त्यात टेकवला.

बरोबर बसला. पाचही बोटं.

एका दिवसात दगड असा झिजत नाही. एका जन्मातही नाही. मी हात काढला तेव्हा तो गार पडला होता.

घरी आत्या वाती वळत होती. मी तिच्यापुढं बसले आणि सोळा-सतरा वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा विचारला. "दगड कशाला ठेवतो आपण?"

"लई दिसांनी इचारलंस," आत्या म्हणाली. या वेळी धपाटा नाही. "माझी माय ठिवायची. तिची सासू ठिवायची."

"ते कळलं. कशाला?"

"दगड ठिवला की गप बसती."

"कोण?"

आत्यानं वात वळून ताटलीत ठेवली. दुसरा कापूस घेतला.

"आत्या, ती आपण होऊन उतरली होती ना आत? हसत?"

"टीव्हीत दाखवतेतच की."

"टीव्हीत नाही. तुझ्या मायनं काय सांगितलं?"

"माझ्या मायनं सांगितलं, इचारू नगं." मग वातीकडं बघत म्हणाली, "ढीग काढाया नको होता सर्जानं. मी म्हनले होते. आता येवढ्या येवढ्या दगडांनी काय होतंय? रविवारी सारं गाव एकेक ठिवील, मंग जरा बरं होईल."

"आणि आत साक्षी असेल त्याचं काय?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत दुष्टपणा असता तर मला सोपं गेलं असतं. तिथं फक्त थकवा होता. "पाच मिन्टं," ती म्हणाली.

७

रविवारी बाराच्या आधीच मंडप भरला. धावड्याहून, भोकरदनहून पाहुणे आले. केबलवाल्यांचा कॅमेरा आला. प्रत्येकाच्या हातात एक दगड. पेवाभोवती पडदे लावले होते. पडद्याआड फक्त साक्षी, गयासोद्दीनचाचा आणि मी. मी बहिणीला सजवायला थांबले होते.

साक्षीनं शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबली. खाली बघत राहिली.

"ताई," ती कुजबुजली, "खाली कोणी उतरलंय का आधीच?"

मी खाली पाहिलं नाही. मी तिचा दंड धरला आणि तिला बाहेर ओढलं. आठवडाभर वाद घालणारी पोरगी या वेळी निमूट आली. मी तिच्या गळ्यातला माइक काढला, बंद केला आणि चाचांच्या हातात दिला. तिला साउंडच्या बॉक्समागं बसवलं आणि माझी ओढणी तिच्या डोक्यावरून टाकली.

"चाचा, शिळा लावा."

चाचांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "आत कोन न्हाई ना, बेटी?"

"न्हाई."

"मंग बराबर." त्यांनी साखळी सोडली. शिळा बसली. माइक त्यांनी खिशात टाकला आणि मशीनपाशी जाऊन उभे राहिले.

माझा बेत साधा होता. पडदा उघडेल, गाणं येणार नाही, लोक गोंधळतील, आणि मग सगळ्या गावासमोर मी विचारेन. रिकाम्या खड्ड्यावर दगड ठेवायला निघालेल्या माणसांची मला थोडी गंमत करायची होती, हेही खरं.

पडदा उघडला. एलईडीवर नटी फुलांच्या पायऱ्या उतरत होती, आत सोनेरी उजेड होता. काकांनी खूण केली. चाचांनी एलईडीचा आवाज बंद केला. गावच्या पोरीचा आवाज ऐकायला मंडप शांत झाला.

मी मनात आकडे मोजत होते. एक. दोन. तीन. चार.

*वाट मिटली उघडी वाट...*

खालून. माझ्या पायांखालून. एका श्वासात, किंवा श्वासाशिवाय.

मी चाचांकडं पाहिलं. त्यांनी खिशातून माइक काढला, त्याच्याकडं पाहिलं आणि तापलेली वस्तू ठेवावी तसा टेबलावर ठेवून दिला. त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक दुआ असावी.

आत्या सगळ्यांत आधी आली. तिनं शिळेवर दगड ठेवला. मग काकांनी. काकूंनी. रांग लागली. दगडावर दगड टेकण्याचा आवाज, टक, टक, आणि त्या खालून गाणं. विसेक दगड झाले असतील, गाणं अर्ध्या ओळीत थांबलं.

आणि ठोके सुरू झाले. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. मग ठोके मोजता येईनात इतके झाले. त्यांच्यामागून हाक. शब्द कळत नव्हते. पण कोणत्याही बाईला कळेल अशी हाक होती ती.

रांग थबकली. माझी आई पुढं धावली. "दादा! पोरगी घाबरली! काढा तिला, जल्दी काढा!"

काकांचा चेहरा उतरला होता. त्यांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं. "दोनच मिन्टं, बाई. मधी उघडता येत न्हाई. आजवर कुनी उघडलं न्हाई."

"दादा, ती माझी साक्षी हाये!"

"कांता," आत्या आईला म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. "दगड ठिव. ठिवला की गप बसती."

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. मला बघायचं होतं. आपलीच पोर खाली आहे असं समजून, तिची हाक ऐकत, किती जण दगड ठेवतात, ते मला मोजायचं होतं. ही गोष्ट मी स्वतःला माफ करणार नाही.

आई रडत होती. रडत रडत तिनं दगड ठेवला.

मग रांग पुन्हा हलली. मान खाली घालून, कुणाकडं न बघता, एकेक जण आला, ठेवून गेला. हाक बारीक होत गेली. आता मला सातशे वर्षांपूर्वीची ती दुपार सांगायला कुणाची गरज नव्हती. तीही अशीच असणार. रांगेत आपलीच माणसं. कुणीतरी रडणारं. कुणीतरी म्हणणारं, दोनच मिनिटं.

"रूपाली," काका म्हणाले. "तुझा दगड."

दगड माझ्या मुठीत होता. घामानं ओला झालेला.

"मी ठेवणार नाही."

"आता तमाशा नको. तुझी बहीण आत हाये, लवकर उरकू दे..."

"साक्षी," मी हाक मारली. "बाहेर ये."

बॉक्समागून ती उठली. डोक्यावरची ओढणी खांद्यावर घसरली. नऊवारी, कपाळाला कुंकू, गळ्यात तुळशीची माळ. ती चालत आली आणि माझा हात धरून उभी राहिली. आईच्या तोंडून एक आवाज निघाला आणि तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

काका साक्षीकडं बघत होते. मग त्यांची नजर हळूहळू शिळेकडं गेली.

खालचे ठोके थांबले नव्हते.

मी मूठ उघडली. दगड फरशीवर पडला, गडगडत कुठंतरी गेला. तो आवाज विरला आणि ठोकेही थांबले. कुणीतरी कान लावून ऐकावं, तसे.

"आता सांगा," मी म्हणाले. "दगड कशाला ठेवायचा?"

आत्या शिळेशेजारीच उभी होती, हात ढिगावर टेकलेला. सगळे तिच्याकडंच बघत होते, म्हणून सगळ्यांना दिसलं. ढीग तिच्या हातासकट बोटभर वर उचलला गेला, क्षणभर तसाच थांबला आणि अलगद खाली बसला.

मी उत्तराची वाट पाहिली. आत्याकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं, रांगेतल्या एकेका पांढऱ्या केसांच्या डोक्याकडं पाहिलं.

ज्यांचे दगड ठेवायचे राहिले होते, त्यांनी मुठी आणखी घट्ट आवळल्या.